आधी सिम काढा, फोन मग बघू

वाचक भगिनीचं पत्र असं आहे:

«आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर गटातल्याच एका वहिनींच्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. मिस्टर रोज मोटरसायकलने सांगलीला जातात, म्हणून वाटलं दंड लागला असेल. फाइल उघडली, ती जे जे विचारत गेली त्याला हो म्हणत गेले. पाचशे रुपये भरायचे म्हणून एटीएम कार्डावरचा नंबर टाकला. पुढे काहीच आलं नाही, नुसतं गोल फिरत राहिलं. रात्री अकरानंतर खात्यातून आधी २५,००० आणि मग १३,५०० रुपये गेले. सकाळी व्हॉट्सॲप बंद. माझ्याच नावाने तीच फाइल माहेरच्या, सासरच्या, शाळेच्या ग्रुपवर गेलेली. जीमेलचा पासवर्डही चालत नाही. बँकेत गेले तर ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार’ म्हणून परत पाठवलं. मुलगा पुण्याहून सांगतो, आत्ताच्या आत्ता फोन फॉरमॅट मार. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. गटाचा हिशोबही याच फोनवर आहे. हे पुतणीच्या फोनवरून लिहिते आहे. ज्या वहिनींच्या नंबरवरून फाइल आली त्यांच्याशी त्या दिवसापासून बोललेले नाही. फोन टाकून देऊ का?»

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन ओळींचा निरोप पाठवला होता: १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, आणि सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. दोन्ही केल्याचं तुम्ही कळवलंत, म्हणून आता जरा बसून सविस्तर लिहिते. तुमच्यासारखी आणखी चार पत्रं या महिन्यात माझ्याकडे आली आहेत, त्यांनाही हेच उत्तर आहे.

फोन टाकून देऊ नका. आणि आज तरी फॉरमॅटही करू नका. मुलगा काळजीपोटीच सांगतोय, शेवटी फॉरमॅट करायचंच आहे. पण ते सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि ते पहिल्यांदा केलं तर तुमचंच नुकसान होईल. का ते पुढे सांगते.

आधी झालं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट आपोआप पटेल. ती फाइल म्हणजे कागद नव्हता, फोटोही नव्हता. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं असेल बघा. एपीके म्हणजे आख्खं ॲप. तुम्ही ती उघडलीत तेव्हा एक अनोळखी ॲप फोनमध्ये बसलं. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती मिळाली. नंतर बहुतेक ‘ॲक्सेसिबिलिटी’ची मागितली असेल. ही सोय मुळात ज्यांना नीट दिसत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे. स्क्रीनवर काय लिहिलंय ते ॲपने वाचायचं आणि माणसाच्या वतीने बटण दाबायचं, असं तिचं काम. ती चोराच्या ॲपला मिळाली की स्क्रीनवर तुम्ही जे जे लिहाल ते त्याला दिसतं. अशी ॲप्स बहुतेक वेळा स्वतःचं चित्रही लपवतात, म्हणून तुम्हाला शोधूनही सापडलं नसेल.

कार्डाचा नंबर तुम्ही टाकलात, आणि ओटीपी आला तो त्या ॲपने वाचून पुढे धाडला. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही एसएमएसनेच येतो, तोही तसाच गेला. जीमेलचंही तेच. म्हणजे तुम्ही कुणालाही तोंडाने ओटीपी सांगितलेला नाही. ही गोष्ट घट्ट लक्षात ठेवा, बँकेशी बोलताना लागेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या फोनवर असंच संकट आलं होतं. मी धावत गेले, तिच्या शेजारी बसले आणि तिच्याच फोनवरून तिचा जीमेलचा पासवर्ड बदलला. दहा मिनिटांत नवा पासवर्डही चालेना. मी चोराच्या डोळ्यांदेखत कुलूप बदलत होते. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही, आणि या सदरात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगते ती त्यामुळेच: बिघडलेल्या फोनला हात न लावता, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, ठरलेल्या क्रमाने काम करायचं. आधी पैसे, मग नंबर, मग ईमेल, आणि फोन सगळ्यात शेवटी.

तुमच्याकडे पुतणीचा फोन आहे, फार बरं झालं. पण तिला एकदा विचारा, सासरच्या ग्रुपवर आलेली ती फाइल तिनेही उघडली नव्हती ना? उघडली असेल तर तो फोनही चालणार नाही, तिसरा शोधा.

तुमचा फोन आता एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. आतलं काही पुसू नका. ती फाइल, ग्रुपवर आलेला मेसेज, बँकेचे एसएमएस, सगळ्याचे फोटो पुतणीच्या फोनने काढून घ्या. फोनवरच स्क्रीनशॉट काढून पाठवायचे तर पुन्हा इंटरनेट सुरू करावं लागतं, ते नको. पोलिसांना हा पुरावा लागेल.

आता पैसे. १९३० वर तुम्ही तक्रार दिलीत, पण तिथे काम संपत नाही. ती तक्रार बँकेकडे पोचते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे शिल्लक असतील तेवढे अडकवून ठेवले जातात. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात फिरवत राहतो, म्हणून पहिले काही तास मोलाचे. तुमची रात्र त्यात गेली, तरीही तक्रार वाया गेली असं समजू नका. फोनवर दिलेली तक्रार नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर जाऊन पूर्ण करावी लागते. पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. दोन्ही व्यवहारांचे नंबर, तारीख, वेळ, रक्कम आणि पासबुकाच्या त्या पानाचा फोटो जवळ ठेवा. तक्रारीचा जो नंबर मिळेल तो कागदावर लिहा, फक्त फोनमध्ये नको. पोलीस ठाण्यात गेलात आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकायला मिळालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चं नाव घ्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते.

बँकेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथे तुम्हाला फार लागलंय असं पत्रातून दिसतं. काउंटरवर तोंडी ‘तुम्हीच दिला असणार’ म्हणणं हा निकाल नव्हे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल. त्यात स्पष्ट म्हटलंय की जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर असतं. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो.

खोटी आशा लावणार नाही. कार्डाचा नंबर तुम्ही स्वतः टाकला होता, त्यामुळे बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढेल. पण तुमची बाजूही भक्कम आहे. ओटीपी तुम्ही कुणाला दिला नाही, तो फोनमध्ये बसलेल्या घातक ॲपने चोरला, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच बँकेत हजर होता. म्हणून आता तोंडी बोलू नका. एका कागदावर अर्ज लिहा: कधी काय झालं, १९३० चा तक्रार नंबर, कोणते दोन व्यवहार माझे नाहीत, आणि मी अमुक तारखेला सकाळी शाखेत येऊन सांगितलं होतं. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घ्या. शिक्का मिळेपर्यंत काउंटर सोडू नका, आवाज न चढवता तिथेच उभ्या राहा. त्याच भेटीत एटीएम कार्ड, यूपीआय आणि मोबाइल बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड बंद केलं आणि यूपीआय राहिलं, असं बऱ्याचदा होतं. अर्ज देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

आणि इथेच सावध करते. आता तुम्हाला फोन येतील. कुणी म्हणेल सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार भरा. कुणी म्हणेल मी हॅकर आहे, तुमचं अकाउंट परत मिळवून देतो. ज्यांचं एकदा गेलंय त्यांना पुन्हा लुटायला ही माणसं टपलेलीच असतात. पोलीस पैसे सोडवायची फी फोनवर मागत नाहीत. बँकेचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा.

आता नंबर. सिम बटणांच्या फोनमध्ये आहे, त्यामुळे यापुढचे ओटीपी त्या ॲपला दिसणार नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीने चोराचा अर्धा जोर जातो. (इतर वाचकांसाठी: जिओचं सिम असेल तर फोर-जी चालणारा बटणांचा फोन लागेल, जुन्या टू-जी फोनमध्ये ते चालत नाही.) पण एक गोष्ट राहते, कॉल फॉरवर्डिंग. चोराने तुमचे कॉल स्वतःच्या नंबरवर वळवून ठेवले असतील, तर ती नोंद फोनमध्ये नसते, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत असते. सिम कुठल्याही फोनमध्ये घाला, कॉल तिकडेच जात राहतात, आणि फोनवरून ऐकवला जाणारा कोडही तिकडेच जातो. म्हणून बटणांच्या फोनवरून ##००२# डायल करा. सगळं वळवणं रद्द झाल्याचा संदेश येईल. नाही आला तर कंपनीच्या दुकानात आधार कार्ड घेऊन जा आणि त्यांच्याकडून तपासून घ्या. कधी अचानक नेटवर्कच गेलं आणि तासभर आलं नाही, तर वाट बघत बसू नका. तुमच्या नावाने दुसरीकडे सिम निघाल्याची ती खूण असू शकते, लगेच दुकान गाठा.

नंबर हातात आला की व्हॉट्सॲप परत घेणं अवघड नाही. पुतणीच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये दुसरं खातं जोडायची सोय आहे, तिथे तुमचा नंबर टाका. सहा आकडी कोड बटणांच्या फोनवर येईल, तो टाकला की चोर त्या क्षणी बाहेर. त्यानंतर तुम्ही कधीच न लावलेला वेगळा पिन मागितला तर घाबरू नका. तो चोराने लावलेला आहे. सात दिवस थांबावं लागेल, मग त्या पिनशिवाय आत जाता येईल. ते सात दिवस तुम्हालाही व्हॉट्सॲप मिळणार नाही, पण एसएमएसचा कोड तुम्ही टाकलेला असल्याने चोरही आत नसतो. आकडे अंदाजाने टाकत बसू नका, उगाच थांबायची वेळ वाढते. आत गेल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जे काही दिसेल ते सगळं लॉग आउट करा, आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’मध्ये स्वतःचा पिन लावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबरही नको.

तुमच्या मनात असेल, माझे सगळे मेसेज त्याने वाचले का? व्हॉट्सॲपचे जुने मेसेज फोनमध्ये असतात, दुसऱ्या फोनवर नंबर सुरू केला म्हणून ते तिकडे जात नाहीत. ग्रुप तेवढे दिसतात, म्हणून तर त्याला सगळ्या ग्रुपवर फाइल टाकता आली. पण बॅकअप गुगल ड्राइव्हवर असेल, तर गुगल खातं ज्याच्या हातात त्याच्या हातात तोही. त्यामुळे आता जीमेलकडे वळू, आणि इथे घाई अजिबात नको.

गुगलचं खातं हे तुमच्या घरातलं कपाट आहे असं समजा. फोटो तिथे, कॉन्टॅक्ट तिथे, इतर ॲपचे जपून ठेवलेले पासवर्डही तिथेच. ते परत मिळवायला गुगलच्या ‘अकाउंट रिकव्हरी’च्या पानावर जायचं. हे काम घरूनच करा, घरचंच वायफाय वापरून, आणि याआधी कधी तुमचं जीमेल ज्या लॅपटॉपवर उघडलं होतं असा लॅपटॉप असेल तर त्यावरच. ओळखीच्या जागेवरून आणि ओळखीच्या यंत्रावरून आलेल्या माणसावर गुगल जास्त विश्वास ठेवतं. सायबर कॅफेत किंवा मोबाइलच्या दुकानात बसून केलेले प्रयत्न बऱ्याचदा फसतात ते त्यामुळे. प्रश्न विचारले जातील, एकही सोडू नका. आधीचा पासवर्ड विचारला तर आठवेल तो टाका. चोराने रिकव्हरीचा फोन नंबर बदलला असला, तरी बदलल्यापासून सात दिवस तुमच्या जुन्या नंबरवर कोड मागवायचा पर्याय गुगल देऊ शकतं. तुमच्याकडे अजून दिवस शिल्लक आहेत, म्हणून हे काम या आठवड्यातच करा. पुढच्या शनिवारी मुलगा आल्यावर करू असं म्हणू नका. त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, पुतणीला शेजारी बसवा.

आत गेल्यावर नवा पासवर्ड लावला की माणूस सुस्कारा सोडतो आणि थांबतो. थांबू नका, खरी मेख पुढे आहे. ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ बघा, अनोळखी फोन दिसला तर बाहेर काढा, आणि तुमचा स्वतःचा बिघडलेला फोनसुद्धा बाहेर काढा. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत का बघा. मग लॅपटॉपवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ अशी दोन पानं आहेत, ती उघडा. चोर तिथे एक गुपचूप नियम लावून जातो: बँकेचा ईमेल आला की त्याची प्रत मला पाठव आणि मूळ ईमेल कचऱ्यात टाक. पासवर्ड दहा वेळा बदला, हा नियम तसाच राहतो. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये ही फिल्टरची यादी दिसत नाही, म्हणून महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मावशीच्या खात्यात असाच एक नियम निघाला होता, दोन महिन्यांनी. तिचे विम्याचे ईमेल कुठे जातात हे आम्हाला तोवर कळत नव्हतं.

यानंतर गुगलचं ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. गुगल तुम्हाला दहा बॅकअप कोड देईल, आठ-आठ आकड्यांचे. ते वहीत लिहून पासबुकाच्या पिशवीत ठेवा. फोन हरवला, सिम बंद पडलं, तरी त्यातला एक कोड टाकून आत जाता येतं. आणि गुगलमध्ये जे पासवर्ड साठवलेले होते, फेसबुक असो, वीजबिल असो की खरेदीचं ॲप, ते सगळे चोराला माहीत आहेत असं धरून एकेक करून बदला. एका दिवसात नाही झालं तरी चालेल. ज्यात पैसे किंवा कार्ड जोडलेलं आहे ते आधी.

आता तो फोन, आणि ‘लगेच फॉरमॅट मार’ का नको ते. अँड्रॉइडमध्ये चोरी रोखण्यासाठी एक सोय आहे. लॉक असलेला फोन बाहेरून बटणं दाबून साफ केला, की चालू होताना आधीच्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो तुमच्याकडे नव्हता. तुमचा फोन तुमच्याच हातात बंद पडला असता, आणि पुरावाही गेला असता. म्हणून गुगल खातं परत मिळू द्या. नवा पासवर्ड लावल्यावर किमान २४ तास थांबा, गुगलच तसं सांगतं. पोलिसांना फोन बघायचा आहे का तेही विचारून घ्या. मग फॉरमॅट.

त्याआधी फोटो आणि गटाच्या हिशोबाच्या फाइली काढून घ्यायच्या आहेत. त्यासाठी फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा. बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरलं आणि समोर आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर किंवा ‘रीस्टार्ट’वर बोट दाबून ठेवलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे चोराचं ॲपही झोपलेलं असतं. इंटरनेट बंद ठेवूनच केबल लावून लॅपटॉपवर फोटो आणि कागदपत्रं उतरवा. ॲप्स उतरवू नका. ‘डाउनलोड’ नावाचा फोल्डर तर आख्खा तसाच सोडा, त्यातलं काही हवंच असेल तर एकेक फाइल बघून घ्या. मग सेटिंग्जमधून ‘फॅक्टरी रिसेट’, म्हणजेच फॉरमॅट. काही दुकानदार म्हणतात, ॲप शोधून काढून टाकलं की झालं, रिसेटची गरज नाही. ॲक्सेसिबिलिटी दिलेली असताना माझा त्यावर विश्वास नाही. एक ॲप दिसतं, त्याने दुसरं आणून बसवलेलं नाही हे कोण सांगणार? साफच करा.

फोन नव्याने सुरू होताना ‘जुन्या बॅकअपमधून ॲप्स परत आणू का’ असं विचारेल. नाही म्हणा. लागतील ती ॲप्स प्ले स्टोअरमधून एकेक करून घ्या. ‘प्ले प्रोटेक्ट’ ही घातक ॲप्स तपासणारी गुगलची सोय सुरू आहे ना बघा, आणि ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’मध्ये व्हॉट्सॲप, क्रोम, सगळ्यांसमोर परवानगी बंद आहे ना तेही. ही एक परवानगी बंद असती तर ती फाइल उघडली तरी ॲप बसलं नसतं. सगळं झालं की सिम परत या फोनमध्ये, आणि मग बँकेकडून यूपीआय नव्याने. पिनही नवा.

चलानाबद्दल एवढंच की वाहतूक पोलीस दंडासाठी कुणालाही ॲपची फाइल पाठवत नाहीत. शंका आली तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीची माहिती टाकली की खरं काय ते दिसतं. पीएम किसानच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावानेही अशाच फाइली फिरतात.

आधार आणि पॅनचे फोटो फोनमध्ये होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेकांच्या फोनमध्ये असतात. असतील तर आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर कुणी पैसे काढू शकणार नाही. रेशन किंवा बँकेच्या कामाला ठसा लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच नोंदवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा सिबिलचा अहवाल मागवा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुमच्या कागदपत्रांवर कुणी कर्ज उचललं असेल तर तिथे दिसेल.

गटाचा हिशोब ही मला पैशांइतकीच मोठी गोष्ट वाटते, कारण त्यात दहा-बारा बायकांचा विश्वास अडकलेला आहे. गटाच्या बँक खात्याला तुमचा नंबर जोडलेला असेल तर अध्यक्ष आणि सचिवांना बरोबर घेऊन बँकेत जा, मागच्या पंधरा दिवसांचा उतारा घ्या आणि तो बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कुणी विचारायची वाट बघू नका. काही गेलेलं नसेल तर तेही सगळ्यांना कळेल.

मिस्टरांना आज सांगा. तुम्ही का थांबलात ते मला कळतं. ३८,५०० रुपये ही घरात लहान रक्कम नाही, आणि ‘कशाला हात लावायला गेलीस’ हे वाक्य ऐकायची भीती तुमच्या पत्रात जागोजागी आहे. पण बँकेत अर्ज द्यायला, पोलीस ठाण्यात बसायला, लोकपालाकडे लिहायला पुढचे तीन महिने जाणार आहेत. ते सगळं चोरून कसं कराल? शिवाय ती फाइल तुमच्या नावाने सासरच्या ग्रुपवर गेलेली आहे, म्हणजे आज ना उद्या त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळणारच. ते तुमच्याकडून कळू दे. चलान त्यांच्या गाडीचं वाटलं म्हणून तुम्ही ते भरायला गेलात, हेही सांगा. चोराने नेमकं तेच हेरलं होतं. घरच्या काळजीपोटी माणूस फार विचार न करता बटण दाबतो.

ग्रुपवर मेसेज टाकायचा आहे, तो पुतणीच्या नंबरवरून आजच टाका, तुमचं व्हॉट्सॲप परत यायची वाट बघू नका. मी लिहून देते: «मी (इथे तुमचं नाव) पुतणीच्या फोनवरून लिहिते आहे. माझ्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ची फाइल आली असेल तर ती मी पाठवलेली नाही, फोन हॅक झाला होता. फाइल उघडू नका, पुढे पाठवू नका. ज्यांनी उघडली असेल त्यांनी लगेच इंटरनेट बंद करून सिम काढा आणि मला या नंबरवर फोन करा. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा.» शाळेच्या ग्रुपवर लिहायला संकोच वाटेल, तरी लिहा. तिथल्या एखाद्या आईने काल रात्री ती फाइल उघडून ठेवली असेल आणि तिला अजून पत्ताही नसेल.

आणि ज्या वहिनींच्या नंबरवरून तुमच्याकडे फाइल आली, त्यांच्याशी तुम्ही त्या दिवसापासून बोललेला नाहीत असं शेवटी लिहिलंय. ताई, त्यांनीही ती पाठवलेली नव्हती. त्यांचा फोन आत्ताही तसाच चालू असेल, सिम आतच असेल, आणि बँकेचे एसएमएस आल्याआल्या कुणीतरी वाचत असेल. हे उत्तर वाचून झालं की पहिला फोन त्यांना करा, व्हॉट्सॲपवर नको, साधा कॉल. सिम कसं काढायचं ते तुम्हाला आता येतंच.